सुशी म्हणजे भात

'सुशी' हा शब्द आमच्या घरात फार जुना आहे. बाबांच्या थोरल्या बहिणीला, सुशीलाआत्याला, सगळे सुशीच म्हणायचे. त्यात आमचे एक शेजारी सोलापूरकडचे. त्यांच्याकडे चुरमुरे भिजवून, फोडणीला टाकून 'सुशीला' करायचे, आणि आत्या माहेरपणाला आली की हमखास करायचे, तिला चिडवायला. त्यामुळे कॅलिफोर्नियात आल्यावर ऑफिसातली मंडळी "आज सुशी खायला जाऊ या" म्हणाली तेव्हा मला हसू आवरेना, आणि का हसतेय ते त्यांना सांगता येईना.

तेव्हा मलाही बहुतेकांसारखं वाटायचं की सुशी म्हणजे कच्चा मासा. तो तर साशिमी. सुशी म्हणजे भात! व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात. त्याच्यासोबत मासा असेल, अंडं असेल, नुसती काकडी असेल, पण तो आंबट भात नसेल तर त्याला सुशी म्हणत नाहीत. शब्दाचं मूळही 'आंबट' या अर्थाच्या जुन्या जपानी शब्दात आहे. हे कळल्यावर माझी भीड चेपली. मासा कापणं आपलं काम नाही, पण भात? भात तर आपण करतोच की. मावळातल्या घरातली मी. दोन्ही वेळा भात नसेल तर जेवल्यासारखं न वाटणारी माणसं आमची.

तर गेली काही वर्षं आमच्याकडे महिन्यातून एखाद्या रविवारी घरी सुशी होते. मुलांना आवडते, हॉटेलात चौघांचं बिल फार होतं, आणि नवरा शाकाहारी असल्यामुळे हॉटेलात त्याच्या वाट्याला काकडीचे तुकडे सोडून काही येत नाही. ही झाली व्यावहारिक कारणं. त्याहून वेगळं एक कारण आहे, ते जरा पुढे सांगते, कारण ते तांदळाच्या पिशवीवर छापलेलं आहे.

आधी दुकान. आमच्यापासून पंधरा मिनिटांवर एक मोठं एशियन ग्रोसरी स्टोअर आहे. आत शिरलं की डाव्या हाताला भाज्या, उजवीकडे जिवंत मासे पोहत असलेल्या काचेच्या टाक्या, आणि मधे एकामागून एक गल्ल्या. सुरुवातीला मी तिथे फक्त कोथिंबीर आणि आलं आणायला जायची, कारण ते स्वस्त. इतर गल्ल्यांतून नुसती बघत हिंडायची. बरण्यांवरची लिपी कळत नाही, चित्रावरून अंदाज करायचा, मागच्या बाजूला चिकटवलेली इंग्रजी चिठ्ठी वाचायची. पुण्याच्या तुळशीबागेत पहिल्यांदा आलेली परदेशी बाई कशी हिंडत असेल, तशी.

सुशीसाठी तिथून फार काही आणावं लागत नाही. नोरीचं पाकीट, तांदळाचं व्हिनेगर, बांबूच्या काड्यांची छोटी चटई, सोया सॉस, हवं असेल तर लोणच्यातलं गुलाबी आलं आणि वासाबीची ट्यूब. (त्या ट्यूबमध्ये बहुधा खरं वासाबी फारसं नसतं. हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग असतो. खरं वासाबी थंड, वाहत्या पाण्यात वाढतं आणि महाग असतं. आपल्याला मोहरीचा झणका नवीन नाही, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.)

याच गल्लीत एके दिवशी एक पाकीट दिसलं. आत पांढरट, चपट्या, वाळलेल्या लांबलचक पट्ट्या. नाव कानप्यो. मागची चिठ्ठी वाचली आणि तिथेच उभी राहिले. हा दुधी होता! आपला दुधी भोपळा, त्याचीच गोल, मोठी जात. तो सोलून त्याच्या लांब पट्ट्या काढतात आणि वाळवतात. जपानमधला जवळजवळ सगळा कानप्यो एकट्या तोचिगी प्रांतात होतो. मिठानं चोळून, उकळून, मग सोया सॉस आणि साखरेत शिजवून तो सुशीत घालतात, आणि तोक्योकडे ही अगदी जुनी, साधी सुशी समजली जाते. माझ्या मुलांना दुधीची भाजी म्हटलं की तोंडं वाकडी करता येतात. कानप्यो मात्र ती मागून घेतात. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता तांदूळ. आणि इथे माझं घोडं पेंड खातं, म्हणजे लेख लांबतो, तेव्हा सांभाळून घ्या.

बासमतीची सुशी होत नाही. दाणा न् दाणा मोकळा हा बासमतीचा मोठेपणा, आणि इथे नेमकं उलट हवं. आखूड किंवा मध्यम दाण्याच्या जपानी जातींच्या तांदळात अमायलोज नावाचं पिष्ट कमी असतं, म्हणून शिजल्यावर दाणे एकमेकांना धरतात. पण गच्च गोळाही होता कामा नये. दाणा अखंड दिसला पाहिजे, दाबला तर शेजारच्याला चिकटला पाहिजे आणि तोंडात गेल्यावर सुटला पाहिजे. हे वर्णन ऐकून तुम्हाला इंद्रायणी आठवला असेल तर तुम्ही माझ्या गावाकडचे! वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहराच्या संकरातून काढलेली ही जात. गरम इंद्रायणी भात, वर मेतकूट आणि तूप. चमच्यानं उचलला तर सगळा एकदम येतो, तो.

जपानी माणसाला भाताचं कौतुक किती, ते त्याच्या शब्दांवरून कळतं. शेतातलं रोप ते इने, सडलेला तांदूळ तो कोमे, शिजला की गोहान, आणि गोहान म्हणजे जेवणसुद्धा. आपण शेतातल्या पिकालाही भात म्हणतो आणि पानातल्यालाही भातच, मधे काही काळ तो तांदूळ होऊन येतो. सुशीवाल्यांच्या भाषेत मुरवलेल्या भाताला अजून एक शब्द आहे, शारी. बुद्धाच्या अस्थींना जपानीत शारी म्हणतात. त्या पांढऱ्या, बारीक अवशेषांसारखे दाणे दिसतात, म्हणून भाताला ते नाव पडलं असं सांगतात. आणि तो शब्द आला आहे आपल्या 'शरीर' या शब्दावरून. चीनमार्गे, बौद्ध ग्रंथांबरोबर, इतका लांबचा प्रवास करून. एवढं वाचल्यावर तांदूळ धुताना हात आपोआप हलका होतो.

तर कृती. दोन वाट्या तांदूळ पाणी स्वच्छ निघेपर्यंत चार-पाच वेळा धुवायचा. अर्धा तास भिजवायचा. मग निथळून, तांदळापेक्षा किंचित जास्त पाणी घालून शिजवायचा. मी राइस कुकरमध्ये लावते. तो बंद झाला तरी झाकण काढायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं वाफ मुरू द्यायची. तोवर चार मोठे चमचे व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा मीठ जरासं कोमट करून विरघळवून घ्यायचं. उकळायचं मात्र नाही.

मग भात पसरट भांड्यात काढायचा. जपानी लोकांकडे यासाठी लाकडाची उथळ बादली असते, हांगिरी नावाची, जास्तीचं पाणी शोषून घेणारी. माझ्याकडे परात आहे. आईनं पहिल्या खेपेला सामानात कोंबून दिलेली स्टीलची परात. गरम भातावर ते पाणी सगळीकडे शिंपडायचं, लाकडी भातवाढीनं कापल्यासारखं आडवं-उभं हलवायचं, आणि त्याच वेळी वारा घालायचा. वाऱ्यानं भात लवकर निवतो, वरचं पाणी उडतं आणि दाण्यावर चकाकी येते. हातपंखा, पुठ्ठा, काहीही चालतं. आमच्याकडे हे काम मुलाचं. तो वर्तमानपत्राची घडी घेऊन स्टुलावर उभा राहतो. भात हाताला कोमट लागला की ओला पंचा झाकून ठेवायचा. फ्रिजमध्ये घालायचा नाही, दाणा टणक होतो.

तळेगावच्या काकूला हे सगळं फोनवर सांगत होते. ती शांतपणे ऐकत होती, साखरेपाशी आल्यावर तिला राहवलं नाही.

"अगं, भातात साखर कुठे घालतात?"

"दहीभातात नाही का तू घालत?"

"ते वेगळं. ते दह्याला असतं."

"हे व्हिनेगरला आहे."

"मग दहीभातच म्हण की त्याला," काकू म्हणाली, आणि पुढे वीस मिनिटं गुडघ्यांबद्दल बोलली.

काकूचं अगदीच चुकलं नव्हतं. सुशीची मूळ गोष्ट खरोखरच आंबवण्याची आहे. पूर्वी मासा टिकवायला तो मीठ लावून शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचे. भात आंबायचा, त्या आंबटपणानं मासा महिनोन् महिने टिकायचा. खाताना मासा खायचे आणि चिखल झालेला भात टाकून द्यायचे. जपानमध्ये बिवा सरोवराच्या काठी अजून अशी फुनाझुशी करतात, ती मुरायला वर्ष-वर्ष लागतं. पुढे लोकांना तेवढा धीर राहिला नाही. भात पूर्ण आंबायच्या आत, आंबटसर असतानाच तो माशाबरोबर खायला लागले, आणि मग आंबण्याची वाटच न बघता वरून व्हिनेगर घालायला लागले. माझ्याकडच्या व्हिनेगरच्या बाटलीवर मिझकान हे नाव आहे. ही कंपनी १८०४ साली हांदा गावात साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून व्हिनेगर करायला लागली, आणि ते स्वस्त व्हिनेगर एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, रस्त्यावरच्या सुशीवाल्यांनी उचललं. टाकून द्यायचा भात असा हळूहळू पानातला मुख्य पदार्थ झाला.

आता ती पिशवी.

दुकानात तांदळाच्या गल्लीत जमिनीपासून डोक्यापर्यंत पिशव्या रचलेल्या असतात. थाई जास्मिन, चिकट तांदूळ, बासमतीसुद्धा. जपानी पद्धतीच्या बऱ्याच पिशव्यांवर, नावं जपानी असली तरी, बारीक अक्षरात 'कॅलिफोर्निया' असं असतं. मी जी पिशवी घेत आले तिच्यावर गुलाबी गुलाबाचं चित्र आणि नाव 'कोकुहो रोझ'. कोकुहो म्हणजे राष्ट्रीय ठेवा. आणि रोझ म्हणजे इथल्या भातवाल्यांच्या बोलीत मध्यम दाण्याचा तांदूळ. त्याआधी, १९४८ साली, बिग्ज गावच्या संशोधन केंद्रानं 'कॅलरोझ' ही जात शेतकऱ्यांना दिली होती, त्यातही 'कॅल' म्हणजे कॅलिफोर्निया आणि 'रोझ' म्हणजे तेच. ठेवा कोणत्या राष्ट्राचा, असा प्रश्न मला तेव्हा पडला आणि मी वाचायला लागले.

केइसाबुरो कोडा हे १९०८ साली जपानच्या फुकुशिमाहून कॅलिफोर्नियात आले. बरेच उद्योग करून शेवटी भातशेतीत उतरले, आमच्या इथून दोनेक तासांवर, पाचेको पासचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या साउथ डॉस पॅलोस गावात. विमानातून भाताचं बी पेरून बघणाऱ्या पहिल्या काही शेतकऱ्यांत त्यांचं नाव घेतात. त्यांना लोक 'राइस किंग' म्हणायचे. पण या राजाला स्वतःच्या नावावर एक एकर जमीन घेता येत नव्हती. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यानं नागरिक होण्यास अपात्र अशा परदेशी माणसांना शेतजमीन घ्यायला मनाई केली होती, आणि 'अपात्र' म्हणजे आशियातले. जपानी शेतकरी मग अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे जन्मानंच नागरिक असलेल्या मुलांच्या नावानं जमीन घ्यायचे. कोडांनीही तीच वाट धरली.

(यात आपणही होतो, बरं का. त्या काळात सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात भात पिकवणारे पंजाबी शेतकरी होते. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की भारतीयांना नागरिक होता येणार नाही. त्याबरोबर जमिनीचा कायदा त्यांनाही लागू झाला. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्यापैकी कित्येकांचं ते काढून घेतलं. हा दरवाजा भारतीयांना पुन्हा उघडला १९४६ मध्ये, जपान्यांना १९५२ मध्ये.)

मग पर्ल हार्बर झालं. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं सोडून तारेच्या कुंपणाआडच्या छावण्यांत जावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकन होते. हातात मावेल तेवढंच सामान न्यायला परवानगी. कोडा कुटुंब गेलं कोलोरॅडोतल्या अमाची छावणीत. शेत, गिरणी, यंत्रं दुसऱ्यांच्या हवाली करून. लढाई संपल्यावर परत आले तेव्हा चांगली जमीन विकली गेली होती, गिरणी विकली गेली होती, यंत्रं गेली होती. हाताशी राहिली ती थोडी, हलकी जमीन.

त्या जमिनीवर कोडा आणि त्यांच्या मुलांनी पुन्हा भात लावला. गिरणी पुन्हा बांधली. एक पैदासतज्ज्ञ नेमून स्वतःची जात तयार करायला घेतली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जी जात बाजारात आणली ती ही, कोकुहो रोझ. केइसाबुरो कोडा १९६४ साली वारले. नुकसानभरपाईचा दावा निकालात निघाला १९६५ मध्ये, आणि मिळालं ते गेलेल्याच्या मानानं फार थोडं. छावण्यांबद्दल सरकारनं रीतसर माफी मागितली ती १९८८ च्या कायद्यानं, जिवंत असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊन.

हे वाचलं त्या रात्री स्वयंपाकघरात पिशवी उघडी होती. मी भावनांचं फार प्रदर्शन करणारी बाई नाही. पण या देशात इतकी वर्षं राहिल्यावर, घर, कर्ज, मुलांच्या शाळा, अंगणात लावलेला कढीपत्ता, असं सगळं झाल्यावर आपण इथले झालो असं माणूस धरून चालतो. कोडाही धरून चालले असतील. चौतीस वर्षं झाली होती त्यांना १९४२ साली. इथल्या कागदांच्या रांगेत उभं राहिलेल्या कुठल्याही देशी माणसाला हा आकडा वाचल्यावर काय वाटेल ते मी लिहायची गरज नाही. नवरा म्हणाला, "ते दिवस गेले." मी हो म्हटलं. त्यालाही माहीत होतं की आम्ही दोघं कुणाची समजूत घालतोय.

पण मला जास्त दिवस छळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं.

आमची मावळात, कामशेतच्या बाजूला, भातखाचरं होती. आजोबा आंबेमोहर लावायचे, नंतर इंद्रायणी. उन्हाळ्यात राब भाजलेल्या जमिनीचा काळा रंग, जूनमध्ये चिखलणी, गुडघाभर चिखलात ओळीनं वाकून लावणी करणाऱ्या बायका, दिवाळीच्या सुमारास पिवळं पडलेलं शेत, हे मी सुट्टीत बघितलेलं आहे, केलेलं फारसं नाही. आजोबांनंतर काकांनी रेटलं. मग त्यांचंही वय झालं. चुलतभाऊ हिंजवडीत, दुसरा दुबईत, मी इथे. आजूबाजूला बंगल्यांचे प्लॉट पडले होते. २०१६ साली काकांनी सगळ्यांना एकेक करून फोन केले. "कुणी येणार आहे का कसायला?" एवढंच विचारलं. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं. विक्रीच्या कागदांसाठी मी सॅन फ्रान्सिस्कोच्या वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र करून पाठवलं. भाव चांगला आला. काका-काकूंचं तळेगावला लिफ्ट असलेल्या इमारतीत छान चाललं आहे. झालं ते योग्यच झालं असं मी आजही म्हणेन.

तरी ही पिशवी समोर असली की हिशेब डोक्यात येतो. कोडांची जमीन लोकांनी घेतली, कायद्यानं घेतली, आणि त्यांनी उरलेल्या तुकड्यावर पुन्हा भात उभा केला. आमची कुणीही घेतली नाही. आमच्या जमिनीवर ना लढाई आली ना आदेश. आम्ही एकेक करून तिथून निघालो, तिकिटं काढून, घरच्यांनी ओवाळून. आणि आता मी परक्या देशात, दुसऱ्या एका परक्या माणसानं हट्टानं पिकवलेला भात विकत आणते आणि माझी मुलं त्याला घरचा भात समजतात. लेकीला इंद्रायणीचा वास माहीत नाही. तिला 'मऊ भात' म्हणजे हा. आजारी पडली की मी याचीच पेज करते.

यात वाईट वाटून घ्यायचं की नाही, ते मला ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, भात हा भातच. दाणा बोटाला तसाच चिकटतो. कधी वाटतं, असं म्हणणं सोपं आहे, कारण आता दुसरं काही म्हणायला आपल्याकडे खाचर नाही.

आणि मग २०२४ मध्ये बातमी आली की कोडांची नातवंडं शेती थांबवत आहेत. जवळजवळ शंभर वर्षांनंतर. कोकुहो रोझ हे नाव दुसऱ्या कंपनीकडे गेलं. मी बातमी दोनदा वाचली. नातवंडांबद्दल एक अक्षरही वाईट माझ्या मनात आलं नाही. तिसऱ्या पिढीपर्यंत त्यांनी ते ओढत आणलं, आम्ही तर तिथेच थांबलो होतो. काकांना फोन करून ही सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, विमानातून पेरण्यापासून. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "विमानातून पेरला तर मग लावणी करायचेच नाहीत?"

"नाही, काका. थेट पेरणी."

"मग दाणा कसा भरतो?" यावर आमचं अर्धा तास बोलणं झालं. काकांचा आवाज इतका खणखणीत मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

असो. भात निवला असेल, आता वळायला घेऊ.

चटईवर नोरीचा कागद ठेवायचा, गुळगुळीत बाजू खाली. बाजूला वाटीत व्हिनेगर घातलेलं पाणी ठेवायचं, हात त्यात बुडवून घेतले की भात हाताला चिकटत नाही. पातळ, सारखा थर पसरायचा, लांबच्या कडेला बोटभर जागा मोकळी सोडायची. अळूवडीला बेसन लावताना जितकं पातळ लावतो तितकं, ज्यांनी अळूवडी केली आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको. अलीकडच्या बाजूला काकडी, गाजर, अव्हाकाडो, कानप्यो, अंड्याची जाड धिरडी, जे असेल ते ओळीत. मग चटई उचलून एकदम गुंडाळायचं आणि हलकं दाबायचं. कापताना सुरी दर वेळी ओल्या फडक्यानं पुसायची. मुलांना माकी वळायला आवडते. मला त्याहून सोपी इनारी आवडते, गोडसर तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात. ती नवऱ्यालाही चालते.

कच्च्या माशाचं विचाराल तर, दुकानात 'सुशी ग्रेड' लिहिलेलं असतं, पण अमेरिकेत त्या शब्दाची सरकारी व्याख्या नाही. कच्च्या माशातले परजीवी मारायचे तर तो उणे २० अंशांवर सात दिवस गोठवा, असं इथलं अन्नखातं सांगतं. घरचा फ्रीजर तेवढा थंड असेलच असं नाही. मी घरी कच्चा मासा करत नाही. कोळंबी उकडून घालते, ती पुरते.

नीट कापलेले मधले तुकडे ताटात मांडले जातात. दोन्ही टोकांचे, ज्यातून काकडी आणि गाजर बाहेर लोंबत असतात, ते परातीशीच संपतात. त्यावरून मुलांची भांडणं होतात.

एवढं करून वाटीभर भात उरतोच. तो डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी त्याचे दाणे टणक आणि मोकळे झालेले असतात, फोडणीच्या भाताला असा शिळा भात फार छान. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे. आंबट-गोड चव आतच मुरलेली असते, वरून लिंबू पिळावं लागत नाही. सोमवारी डब्यात तोच जातो.